मिताहारी हिरवळ

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्रूज हे गाव आणि उत्तर समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या उंचसखल भूमीचा जो पट्टा पसरला आहे, जेथे पाणी ठरत नाही, खत टिकत नाही आणि म्हणून नांगर चालविण्यात काही हशील नाही, त्याच पट्ट्यावर गोल्फ हा खेळ शतकानुशतके अव्याहत खेळला जात आहे. अशा भूमीला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. रेड फेस्क्यू आणि ब्राउनटॉप बेंट ही तिथली मूळची तृणे. पाती अत्यंत बारीक, वाढ मंद, मुळे मात्र खोल. 1552 साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या सनदेने या जमिनीवर ससे पाळण्याचा त्यांचा अधिकार आणि गोल्फ खेळण्याची नागरिकांची वहिवाट ही दोन्ही एकाच दस्तऐवजात नोंदली गेली. पुढे 1797 मध्ये डबघाईस आलेल्या नगरसभेने ही भूमी सशांच्या मक्तेदारांच्या हवाली केली तेव्हा मोठा तंटा माजला, आणि 1821 साली जेम्स चीप या जमीनदाराने ती विकत घेईपर्यंत तो शमला नाही. तथापि गवत कापण्याची यंत्रे निघण्यापूर्वी ही हिरवळ आखूड राहिली ती सशांनी आणि मेंढ्यांनी कुरतडल्यामुळेच, आणि त्यांच्या लेंड्यांपलीकडे तिला विशेष काही खत मिळाले नाही.

या हिरवळीची निगा राखणे ही एक विद्या आहे असे ज्याच्या कारकिर्दीने प्रथम दाखवून दिले, तो टॉम मॉरिस 1865 साली प्रेस्टविकहून आपल्या जन्मगावी परतला आणि सालिना पन्नास पौंडांवर लिंक्सचा राखणदार झाला. एक ढकलगाडी, एक कुदळ आणि एक फावडे एवढा सरंजाम त्याच्या ताब्यात देण्यात आला. प्रेस्टविकला असताना एकदा वाळूची गाडी चुकून ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड हिरवळीवर, उपडी झाली आणि काही दिवसांनी नेमक्या त्याच जागी गवत अधिक दाट, अधिक सुदृढ आलेले त्याला दिसले, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, वाळूचा पातळ थर पुनःपुन्हा पसरण्याचा त्याचा परिपाठ मात्र ऐतिहासिक सत्य आहे. वाळूने पृष्ठभाग कोरडा राहतो, मेलेल्या देठामुळांचा स्पंजासारखा थर साचत नाही आणि बुरशीला आसरा मिळत नाही. रविवारी सेंट अँड्रूजचे ‘ओल्ड कोर्स’ हे मैदान बंद ठेवण्याची जी प्रथा त्याने कसोशीने सांभाळली, ती आजही चालू आहे. गवतालाही विसावा हवा, हे त्याचे म्हणणे होते.

विसाव्या शतकात स्वस्त खते आली, पाण्याचे फवारे आले, आणि हिरवा रंग म्हणजेच आरोग्य अशी एक समजूत रूढ झाली. माझ्या मते या साऱ्या विषयातील अनर्थाचे मूळ या समजुतीत आहे. हर्टफर्डशायरमधील रॉथॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी 1856 साली आरंभिलेला ‘पार्क ग्रास’ हा प्रयोग अद्याप चालू असून, तिथल्या कुरणाच्या ज्या तुकड्यांना खताचा कणही मिळालेला नाही त्यांत चाळीसच्या आसपास जातींच्या वनस्पती एकत्र नांदत आहेत, तर ज्यांवर अमोनियम सल्फेटचा भरपूर मारा झाला आणि चुना पडला नाही त्यांत दोन-तीनच जाती उरल्या आहेत. खत गवत वाढविते हे अर्धसत्य होय. कोणते गवत राहावे आणि कोणते जावे, याचा निवाडाही खतच करते. गोल्फच्या हिरवळीवर स्फुरद आणि पाणी मुबलक झाले की फेस्क्यू माघार घेते आणि तिच्या जागी ‘पोआ अॅन्युआ’ हे उपरे गवत येते. पोआची मुळे उथळ. दोन दिवस पाणी चुकले की ते मान टाकते. कितीही आखूड कापले तरी त्याला तुरे येतात आणि ते बी सांडतच राहते. थंडीच्या दिवसांत मायक्रोडोकियम ही बुरशी प्रथम त्यालाच गाठते. म्हणून बुरशीनाशक, बुरशीनाशकाने वाचलेल्या पोआला पुन्हा खत, खताने कोवळ्या झालेल्या पात्यावर पुन्हा बुरशी.

या चक्राविरुद्ध ज्यांनी आयुष्यभर हट्टाने लिहिले आणि व्याख्याने दिली, ते ब्रिटिश तृणतज्ज्ञ जिम आर्थर यांचे प्रतिपादन अगदी सरळ होते: नत्र यत्किंचित द्या, स्फुरद देऊच नका, पाणी जपून वापरा आणि जमिनीला भोके पाडून मुळांना हवा द्या. त्यांचा ‘प्रॅक्टिकल ग्रीनकीपिंग’ हा ग्रंथ 1997 मध्ये प्रसिद्ध झाला, तोवर विरुद्ध दिशेचा एक ओढा प्रबळ झाला होता. एडवर्ड स्टिम्पसन यांनी 1935 साली एक साधी खाचेची पट्टी तयार केली होती, जिच्यावरून घरंगळलेला चेंडू ग्रीनवर किती फूट जातो हे मोजता येते. ग्रीन-ग्रीनमधील तफावत कळावी एवढ्यासाठीच ती होती; परंतु 1978 पासून अमेरिकी गोल्फ संघटनेने ती सर्वत्र पुरविल्यावर आकड्यांची चढाओढ लागली, आणि चेंडू अधिक वेगाने धावावा म्हणून पाते तीन मिलिमीटरपर्यंत कापले जाऊ लागले. पाते हेच गवताचे अन्न शिजविण्याचे साधन. ते खुडले की मुळे आखडतात, आणि आखडलेल्या मुळांचे गवत औषधावाचून जगत नाही.

औषधावाचून ते कितपत जगते, याची नेकीने परीक्षा झाली ती अमेरिकेत, लाँग आयलंडवरील बेथपेज या सरकारी उद्यानात. त्या बेटाच्या पूर्वेकडील परगण्यांत पिण्याचे पाणी सर्वस्वी भूगर्भातून येते आणि वरची माती वाळवट, म्हणून ग्रीनवर जे ओतावे ते झिरपून घराघरांच्या नळापर्यंत जाण्याची धास्ती तेथे खरीच होती. कॉर्नेल विद्यापीठाचे फ्रँक रॉसी आणि जेनिफर ग्रँट यांनी 2001 साली तिथल्या ‘ग्रीन कोर्स’ या गोल्फ मैदानाच्या अठराही ग्रीन प्रयोगासाठी घेतल्या: काहींवर रूढ औषधे हवी तशी, काहींवर रोग दिसला तरच आणि बेताने, आणि काहींवर रासायनिक औषध मुळीच नाही, शिवाय प्रत्येक प्रकारात निगेच्या दोन तऱ्हा, जुनी आणि सुधारलेली. रोजचे खेळाडू त्यांवर खेळतच होते. पहिल्याच उन्हाळ्यात औषध बंद केलेल्या ग्रीनवर गवत मेले आणि उघडी माती दिसू लागली. ही गोष्ट संशोधकांनी दडविली नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. पुढच्या वर्षांत पाते किंचित उंच ठेवले गेले, नत्र एकदम न देता थोडे थोडे दिले गेले, कापण्याच्या काही पाळ्यांऐवजी नुसता हलका रूळ फिरविला गेला. आणि हळूहळू त्या ग्रीन सावरल्या. बेताने औषध दिलेल्या ग्रीन तर रूढ पद्धतीच्या ग्रीनच्या तोडीस तोड ठरल्या. उपासमार म्हणजे मिताहार नव्हे, हेही तेथे स्पष्ट झाले, कारण नत्र फारच तोडले तर ‘डॉलर स्पॉट’ नावाचा रोग उलट बळावतो.

हा रोग पाहावयाचा तर पहाटे पाहावा. दवाने भिजलेल्या गवतावर नाण्याएवढे फिकट ठिपके असतात आणि त्यांवर पांढऱ्या तंतूंचे विरळ जाळे. ऊन चढले की जाळे नाहीसे होते, ठिपका तेवढा राहतो. म्हणून ग्रीनकीपर उजाडताच लांब लवचिक काठी घेऊन बाहेर पडतो आणि ती गवतावरून डावीउजवीकडे फिरवीत दव झटकतो. पाते जितका कमी वेळ ओले राहील तितकी बुरशीची संधी कमी. या कामाला विषाचा थेंब लागत नाही, फक्त माणूस वेळेवर उठावा लागतो. मग तो पोकळ नळी ग्रीनमध्ये खुपसून मातीची कांडी वर काढतो: वरचा तपकिरी थर बोटाने चेपून किती जाड झाला आहे ते पाहतो, पांढरी मुळे कुठवर पोचली ते मोजतो, माती नाकाशी धरून सडका वास येतो का ते हुंगतो. कापलेल्या गवताची बादलीही तो आता मोजू लागला आहे, कारण वाढ किती झाली हे कळल्यावाचून खत किती द्यावे हे ठरविणे म्हणजे जमाखर्च न पाहता कर्ज काढणे होय. मायका वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये, उत्तम चाललेल्या हिरवळींच्या हजारो माती-नमुन्यांवरून, जमिनीत अन्नद्रव्ये निदान किती असावीत याचे कोष्टक मांडले. पुढे सुधारलेल्या त्या कोष्टकानुसार पालाश दशलक्ष भागांत 37 आणि स्फुरद 21 असले की पुरे. जुन्या शिफारशींपेक्षा हे आकडे पुष्कळच खाली आहेत.

आपल्याकडील उष्ण हवेत फेस्क्यूचा निभाव लागत नाही. येथे गणपतीला वाहतात ती हरळी आणि तिच्या आफ्रिकी भगिनीशी झालेल्या संकराची खुजी वाणे गोल्फच्या हिरवळीसाठी लावतात. त्या भूमीत टिकणारे तृण आधी निवडावे हा नियम त्यांनाही लागू आहे, आणि अतिखताने हरळीच्या बुडाशीही मृत देठांची गादी साचतेच.

युरोपात आता औषधांकडे माघारीचा मार्गही फारसा उरलेला नाही. आयप्रोडिओन हे बुरशीनाशक 2018 मध्ये बंद झाले, क्लोरोथॅलोनिल 2020 मध्ये. मुळे खाणाऱ्या अळ्यांसाठी काही ठिकाणी रात्री ग्रीनवर काळे प्लॅस्टिक अंथरतात; पहाटेपर्यंत अळ्या वर येतात आणि झाडून गोळा करता येतात. हे सारे मनुष्यबळाचे काम आहे, आणि ज्या क्लबाच्या अंदाजपत्रकात औषधाची रक्कम विनातक्रार मंजूर होते पण दोन जादा माणसांचा पगार नामंजूर होतो, तेथे कोणतीही मिताहाराची योजना तडीस जाणार नाही. खेळाडूलाही आपला वाटा उचलावा लागतो. ओल्ड कोर्सवर नोव्हेंबर ते मार्च या काळात फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या आखूड गवताच्या पट्ट्यावर, चेंडू थेट गवतावरून मारता येत नाही. प्रत्येकाने चटईचा लहान तुकडा बरोबर बाळगून त्यावर चेंडू ठेवून मारावा, असा तेथे दंडक आहे.