चुकीच्या उत्तराची उलटतपासणी

तंत्रज्ञान आणि मूल्यमापन : लेखांक ५

४.८ आणि ४.६३ यांतली मोठी संख्या कोणती? पाचवी-सहावीच्या वर्गात काही मुले ठामपणे ४.६३ म्हणतात, कारण ८ पेक्षा ६३ मोठे. त्यांचे चुकले, हे लगेच कळते. पण ४.८ म्हणणाऱ्या सगळ्यांनाच दशांश अपूर्णांक समजलेले असतात असे नाही. शतांशापेक्षा दशांश मोठा, तेव्हा चिन्हापुढे अंक जितके कमी तितकी संख्या मोठी, असा समज करून बसलेले मूलही इथे बरोबर उत्तर देऊन सुटते. त्याच मुलाला ४.२ आणि ४.६३ विचारा, ते ४.२ सांगेल. आधी चुकलेले मूल मात्र या खेपेला बरोबर ठरेल.

दोघांनाही दोनपैकी एक गुण. प्रगतिपुस्तकात दोघे सारखेच, पण शिकवायचे दोघांना वेगवेगळे.

मागच्या लेखांकात ओएमआर यंत्रांनी उत्तरपत्रिका तपासण्याचा वेग कसा वाढवला ते पाहिले. तिथे यंत्र फक्त गुण मोजते. अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्हज या संस्थेच्या ‘माइंडस्पार्क’ या संगणकप्रणालीचा भर चुकीवर आहे. मूल कोणता पर्याय निवडते यावरून त्याचा घोळ नेमका कुठे आहे याचा अंदाज बांधायचा आणि पुढचा प्रश्न त्यानुसार द्यायचा, अशी तिची रचना. मूल कोणत्या इयत्तेत बसते हे इथे दुय्यम. सातवीतल्या मुलाला गरजेप्रमाणे चौथीचे प्रश्नही येतात.

या पद्धतीची कसोटी दिल्लीत लागली. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि आलेहांद्रो गॅनिमियन या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये सरकारी शाळांतली ६१९ मुले निवडली. बहुतेक सहावी ते नववीतली. सोडत काढून त्यांतल्या निम्म्यांना शाळेबाहेरच्या केंद्रात मोफत प्रवेश दिला. तिथे रोज दीड तास : अर्धा वेळ संगणकावर, अर्धा वेळ छोट्या गटात शिक्षकासोबत. पहिल्याच चाचणीत दिसले की सहावीतले सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे आहे आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर जाते.

साडेचार महिन्यांनी, स्वतंत्र लेखी चाचणीत, प्रवेश मिळालेली मुले इतरांपेक्षा गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाने पुढे होती. केंद्रातली उपस्थिती सरासरी साठ टक्क्यांच्या आतच असूनही हा फरक पडला. अर्थात त्यात संगणकाचा वाटा किती आणि गटातल्या शिक्षकाचा किती, हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली एक नोंद मूल्यमापनाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. शाळेच्या परीक्षेत हिंदीचे गुण वाढले, गणिताचे फारसे वाढले नाहीत. संशोधकांच्या चाचणीत खालच्या इयत्तांचेही प्रश्न होते. शाळेचा पेपर मात्र चालू इयत्तेच्या अभ्यासक्रमावर. तिसरीच्या वजाबाकीपासून पाचवीच्या भागाकारापर्यंत पोचलेले मूल आठवीच्या बैजिक राशींपुढे आधीसारखेच अडते. त्याने मधल्या काळात केलेली प्रगती त्या पेपरात कुठेच उमटत नाही.

प्रत्येकापुढे संगणक ठेवणे सगळ्या शाळांना परवडत नाही. तिथे ‘प्लिकर्स’सारखा उपाय आहे. प्रत्येक मुलाकडे वेगळ्या नक्षीचे एक कागदी कार्ड. उत्तर अ, ब, क की ड, त्याप्रमाणे ते फिरवून धरायचे. शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणी काय उत्तर दिले ते नावानिशी पडद्यावर येते. नक्षी प्रत्येकाची निराळी, त्यामुळे शेजाऱ्याच्या कार्डाकडे पाहून नक्कल करणे अवघड. ४.६३ म्हणणारे कोण आणि ४.२ म्हणणारे कोण हे तास संपण्याआधी कळले, तर शिक्षकांना त्याच तासात दोन गट पाडून दोघांना वेगवेगळी उदाहरणे देता येतात.

हे सगळे बहुपर्यायी प्रश्नांपुरते झाले. निबंध आणि दीर्घोत्तरी प्रश्न संगणक कसे तपासतो, आणि तिथे तो कुठे फसतो, ते पुढच्या आठवड्यात.