परदेशात कंपनी काढताय? आधी इथले नियम पाहा

जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान कंपनीत निम्मा हिस्सा घेतला. अशा मोठ्या उद्योगाकडे वकील, सीए असतात. नशिराबादच्या आपल्या तरुणाकडे अनेकदा फक्त एजंटचा नंबर असतो. म्हणून मूळ नियम आम्ही इथे मांडत आहोत.

दुबईत पूर्वी फ्री झोनबाहेर कंपनी काढताना ५१ टक्के वाटा स्थानिक भागीदाराचा ठेवावा लागे. जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत ही अट नाही. तरीही कोणी तसे सांगत असेल, तर कारण लेखी मागा.

तिथली नोंदणी म्हणजे निम्मेच काम. भारतात राहून गुंतवणूक करणाऱ्याने बँकेत फॉर्म एफसी भरून आधी रिझर्व्ह बँकेचा यूआयएन घ्यायचा, मगच बँकेतून पैसे पाठवायचे. हवालाने कधीच नाही. मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत बँकेला द्यायचा. प्राप्तिकर विवरणपत्रातही ही मालमत्ता दाखवायची.

मित्रांनो, न वाचता सही करू नका. कागदावर संचालक तुम्ही असाल, तर जबाबदारीही तुमचीच.

जय भीम!