धूम्रपानबंदी आणि हॉटेलमालकाचे हक्क

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचा संबंध फक्त सरकारी कचेऱ्या, दवाखाने, शाळा आणि एसटी स्टँड यांच्याशी आहे, हा बराच पसरलेला गैरसमज आहे. उपाहारगृह किंवा परमिट रूम ही मालकाची खासगी जागा, तिथे सिगारेट चालावी की नाही हे त्याने ठरवावे, असे त्यामागचे गृहीतक. सिगारेट व तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा २००३ चा केंद्रीय कायदा (‘कोटपा’) मात्र जागा कोणाच्या नावावर आहे हे पाहत नाही. जिथे लोकांची ये-जा आहे, मग ती हक्काने असो वा नसो, ती जागा सार्वजनिक. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत बार, पब, कॉफी हाऊस, मॉल, सिनेमागृहे आणि कामाची ठिकाणे यांची नावेच घेतलेली आहेत. राहते घर बंदीत येत नाही.

राज्यघटनेने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले असल्याने ही बंदी घटनाबाह्य ठरते, असाही युक्तिवाद होतो. अनुच्छेद १९(१)(छ) हे स्वातंत्र्य देतो खरा, पण त्याच अनुच्छेदाचे सहावे खंड जनहितासाठी वाजवी निर्बंधांना मुभा देते. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी अनेक सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली, तेव्हा आधार घेतला तो अनुच्छेद २१ चा, म्हणजे न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचा. शिवाय बंदीने मालकाचा धंदा बंद होत नाही. त्याच्या छताखालची एक कृती तेवढी थांबते.

‘ज्याला धूर सोसत नाही त्याने दुसरीकडे जेवावे’ हा मालकांच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. गिऱ्हाइकापुरता तो पटण्यासारखाही आहे. तो लटका पडतो वेटरपाशी. गिऱ्हाईक तासाभरात बिल देऊन निघून जाते, वेटर मात्र संध्याकाळपासून शटर पडेपर्यंत त्याच हवेत असतो आणि त्याला ‘दुसरीकडे जा’ म्हणणे म्हणजे नोकरी सोड म्हणणे. एक्झॉस्ट पंखा लावला की भागते, ही समजूतही खरी नाही. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘अ‍ॅश्रे’ या अमेरिकी संघटनेने २००५ मध्येच स्पष्ट केले होते की, बंदिस्त जागेतल्या हवेतील तंबाखूच्या धुराचा धोका पूर्ण टाळायचा तर आत धूम्रपान न होऊ देणे हाच उपाय आहे. वायुवीजनाने तो जात नाही.

स्मोकिंग रूमबद्दल तर गोंधळच आहे. कोपऱ्यातली चार टेबले ‘स्मोकिंग झोन’ म्हणून राखून ठेवणे कायद्याला मान्य नाही. किमान ३० खोल्यांचे हॉटेल, किमान ३० आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांनाच अशी सोय करता येते. तीही सक्तीची नाही, ऐच्छिक आहे. त्या खोलीला चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती हव्यात, दार आपोआप बंद होणारे हवे आणि धूर थेट बाहेर जायला हवा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तिथे दुसरी कोणतीही सेवा देता येत नाही. थोडक्यात, आत चहासुद्धा मागवता येत नाही.

दंड फक्त ओढणाऱ्याला होतो, हे अर्धसत्य. त्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहेच. पण प्रवेशद्वारावर किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावणे, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव लिहिणे आणि अ‍ॅशट्रे, काडेपेटी, लायटर न ठेवणे ही जबाबदारी मालक किंवा व्यवस्थापकाची. तक्रार येऊनही त्याने कानाडोळा केला, तर जितके गुन्हे घडले तितक्यांचा दंड त्याच्याकडून वसूल होऊ शकतो.

बंदीने गल्ला घटतो, ही भीती जगभर व्यक्त झाली. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी पबसह सर्व बंदिस्त कामाच्या ठिकाणी बंदी आणली, तेव्हाही झाली. विक्री व कराच्या आकड्यांवर आधारलेल्या स्वतंत्र अभ्यासांत मात्र उपाहारगृहांचा एकूण धंदा बसल्याचे सहसा दिसलेले नाही.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच चुकीचा आहे. आरोग्याचे नाव घेतले की प्रशासनाला काहीही करता येते, असे नाही. मुंबई महापालिकेने खाद्यगृहांच्या परवान्यात हुक्काबंदीची अट घातली होती. कायद्याने परवानगी दिलेल्या धूम्रपान-कक्षात हुक्का चालू शकतो, परवान्याच्या अटीने कायद्यापलीकडे जाता येत नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये व्यावसायिकांच्या बाजूने निकाल दिला. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतील कमला मिल संकुलातल्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला, हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले गेले आणि २०१८ मध्ये राज्याने विधिमंडळातून रीतसर दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. महाराष्ट्रात आज हुक्का पार्लर चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.