पावसाकडची भिंत आणि क्लॅडिंग

नंदाखालहून बोलतोय. आजचा विषय क्लॅडिंग, म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतीवर चढवायचं आवरण. रील्समध्ये ते एकदम भारी दिसतं. पण आपल्याकडे खरा प्रश्न ओलीचा आहे, आणि त्यात आईबाबांची बचत जाते.

आधी डाग बघा. जमिनीपासून वर चढणारी ओल किंवा बाथरूमच्या पाइपाची गळती क्लॅडिंगने थांबत नाही. ती आधी दुरुस्त करा, भेगाही बुजवून घ्या.

ओल झडीची असेल तर पुढे ऐका. राजोडी-अर्नाळ्याचा किनारा इथून जवळ. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, त्यामुळे झड बसते मुख्यतः पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला. चारही भिंती झाकायची गरज नसते.

आवरणाच्या फटींतून थोडं पाणी आत जाणारच. म्हणून आवरण आणि भिंत यांच्यात दोनेक सेंटिमीटर पोकळी हवी. पाणी खाली निथळतं, हवेने भिंत सुकते. कोकणपट्टीत पावसाळ्याआधी भिंतीला झावळ्यांचे झाप बांधायचे, त्यांचं कामही हेच: झड आपल्यावर घ्यायची, भिंत कोरडी ठेवायची.

आता पर्याय.

पत्रा: झड छान अडवतो, पण उन्हात तापतो आणि खाऱ्या हवेत गंजतो. साधे स्क्रू तर लवकर जातात, स्टेनलेस स्टीलचे मागा.

दगडी टाइल: दिसायला सुंदर, पण जड. थेट चिकटवली तर मागे पोकळी राहत नाही. उंचावर नुसत्या चिकटवणीवर विसंबू नका, क्लॅम्प लावून घ्या.

फायबर सिमेंट बोर्ड: पेटत नाही, वाळवी लागत नाही. कापलेल्या कडा मात्र सील करायच्या.

एसीपी: ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये गाभा असतो. तो साध्या प्लास्टिकचा असेल तर पेटतो. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग अशाच क्लॅडिंगमुळे भराभर पसरली. ७२ जण गेले.

म्हणून कॉन्ट्रॅक्टरला तीन गोष्टी विचारा. मागे पोकळी किती? वरची कड पट्टीने बंद आणि खालची पाणी जायला मोकळी आहे ना? गाभा कशाचा, आणि ते बिलावर लिहून देणार का?

तिसऱ्यावर टाळाटाळ झाली, तर ॲडव्हान्स देऊ नका. घरी काम काढणार असाल तर हा भाग आईबाबांनाही ऐकवा. भेटूया पुढच्या भागात!