साखर देणारे झाड

साखर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उसाचा मळा उभा राहतो. गूळ म्हटला की गुऱ्हाळातील धगधगते चुलवाण, त्यावरची प्रचंड काहील आणि उकळत्या रसावर नजर खिळवून उभा असलेला गुळव्या आठवतो. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असाही एक प्रदेश आहे, की जेथे उसाचे एक कांडेही पिकत नाही, वर्षातील कित्येक महिने जमीन बर्फाखाली झाकलेली असते, आणि तरीही तेथील शेतकऱ्यांच्या घरी दरसाल चूल पेटते व गोड पाक तयार होतो. हा गोडवा शेतातून येत नाही. तो येतो एका उंच वृक्षाच्या खोडातून. त्या वृक्षाचे नाव मेपल.

कॅनडा देशाचा ध्वज तुम्ही चित्रात पाहिला असेल. १९६५ साली स्वीकारलेल्या या ध्वजाच्या मध्यभागी जे लाल, टोकदार पान दिसते, ते मेपलचेच होय. मेपलच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी जिच्या रसात साखरेचा अंश विशेष असतो, तिला साखर-मेपल म्हणतात. कॅनडातील क्यूबेक व ऑन्टॅरिओ हे प्रांत आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागातील व्हर्माँट, न्यू यॉर्क, मेन ही राज्ये हे या वृक्षाचे माहेरघर. जगात तयार होणाऱ्या मेपलच्या पाकापैकी सुमारे शेकडा ७० भाग एकट्या क्यूबेकमधून येतो. व्हर्माँटने तर १९४९ साली साखर-मेपलला आपला राज्यवृक्ष मानले.

आपल्याकडे फाल्गुन सरत येतो, होळी पेटते आणि उन्हाच्या झळा जाणवू लागतात, त्या सुमारास या प्रदेशात वसंताची पहिली चाहूल लागते. हा वसंत फुलांचा नव्हे. झाडांवर अजून एकही पान नसते, अंगणात गुडघाभर बर्फ असते आणि वाटेवर चिखल. परंतु हवेत एक बदल झालेला असतो. रात्री पाणी गोठते, आणि दुपारी ऊन पडले की छपरावरचे बर्फ वितळून पागोळ्या गळू लागतात. रात्री गोठण आणि दिवसा वितळण, असा हा खेळ सुरू झाला, की मेपलचा रस वाहू लागतो. हा हंगाम फार तर चार ते सहा आठवड्यांचा असतो.

रस या दिवसांतच का वाहतो, हे समजून घेण्यासारखे आहे. उन्हाळ्यात मेपलची पाने सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. त्यातील उरलेले अन्न झाड पिष्टाच्या रूपाने खोडात व मुळांत साठवून ठेवते. थंडीत या पिष्टाची साखर होते व ती खोडातील पाण्यात विरघळते. आता मेपलच्या लाकडाची रचना पाहा. त्यातील बारीक तंतूंमध्ये पाण्याऐवजी वायू भरलेला असतो. रात्री थंडी वाढली की हा वायू आकसतो आणि तंतूंच्या आत बर्फाचे कण साचू लागतात. त्यामुळे खोडात ओढ निर्माण होते व मुळांवाटे जमिनीतील पाणी वर येते. सकाळी ऊन पडले की बर्फ वितळते, कोंडलेला वायू फुगतो आणि रसावर दाब पडतो. अशा वेळी खोडाला छिद्र असेल, तर त्यातून रस बाहेर ठिबकू लागतो. रात्र उबदार राहिली, किंवा दिवसभर गारठाच टिकला, तर हे घडत नाही. थंडी आणि ऊब या दोघींची जोडी जमली पाहिजे.

आता व्हर्माँटमधील एखाद्या लहान शेतकऱ्याचे घर डोळ्यांपुढे आणा. घरामागे दहा-बारा जुने मेपल उभे आहेत. फेब्रुवारी संपत आला की घरातील सर्व मंडळी कामाला लागतात. बाप गिरमिट पाजळून ठेवतो, आई बादल्या व झाकणे उकळत्या पाण्याने धुऊन काढते, मुले आदल्या वर्षी फोडून वाळत घातलेले सरपण पडवीत आणून रचतात. आजोबा मात्र हातात दोरी घेऊन झाडांकडे जातात. कोणत्या झाडाचा रस काढावयाचा आणि कोणत्या झाडाला हात लावावयाचा नाही, हे ठरविण्याचे काम त्यांचे.

हे काम दिसते त्याहून महत्त्वाचे आहे. खोडाची जाडी २५ ते ३० सेंटिमीटर झाल्याखेरीज मेपलला छिद्र पाडू नये, असा नियम आहे. झाडाला एवढी जाडी येण्यास बहुधा ४० वर्षे लागतात. म्हणजे ज्याने रोप लावले, त्याच्या हाती पहिली बादली लागेपर्यंत त्याचे केस पिकू लागतात. झाड जाडीने जवळजवळ दीडपट झाले, तरच त्याला दुसरे छिद्र पाडावयाचे. खोडाला छिद्र पाडणे म्हणजे जखम करणेच होय. निरोगी झाड त्या जखमेवर नवे लाकूड चढवून ती बुजवून टाकते. परंतु छिद्राच्या वरखालच्या लाकडातून पुन्हा कधी रस वाहत नाही. म्हणून दरवर्षी नवे छिद्र जुन्या खुणेपासून बाजूला सरकवून पाडावे लागते. लोभाने एकाच खोडाला पाच-सहा छिद्रे पाडली, तर त्या वर्षी रस थोडा अधिक मिळेल. पण झाडाला जखमा बुजविणे जड जाईल आणि पुढे छिद्र पाडण्यास चांगली जागाच उरणार नाही. नीट सांभाळलेला मेपल मात्र दोनशे वर्षांहूनही अधिक जगतो आणि पिढ्यान्‌पिढ्या रस देत राहतो.

आजोबांनी खूण केली की बाप तेथे गिरमिटाने सुमारे ८ मिलिमीटर रुंदीचे व ४ ते ५ सेंटिमीटर खोलीचे छिद्र पाडतो. छिद्राचे तोंड किंचित खाली उतरते ठेवतात, म्हणजे रस आपोआप बाहेर येतो. त्यात धातूची लहान तोटी हलक्या हाताने ठोकून बसवितात आणि तिच्यावर बादली अडकवितात. पाऊस, बर्फ व पालापाचोळा आत पडू नये म्हणून वर झाकण असते. पहिला थेंब रिकाम्या बादलीच्या तळाशी टणकन वाजला, की मुले टाळ्या पिटतात. हा रस पाण्यासारखा स्वच्छ असतो. ओंजळीत घेऊन प्याला, तर त्याची गोडी जेमतेम जाणवते. कारण त्यात साखरेचा अंश शेकडा २ च्या आसपासच असतो. उसाच्या रसात हा अंश शेकडा १५ किंवा त्याहून अधिक असतो. गुळव्यापेक्षा मेपलवाल्याला अधिक काळ चूल का पेटती ठेवावी लागते, हे आता तुमच्या ध्यानी येईल.

थोडा हिशेब करून पाहू. चांगल्या हंगामात एका छिद्रातून सुमारे ४० लिटर रस मिळतो, आणि ४० लिटर रस आटविला, तर १ लिटर पाक होतो. आपल्या या कुटुंबाने १५ छिद्रे पाडली असतील, तर त्यांना ६०० लिटर रस मिळेल व त्याचा १५ लिटर पाक होईल. बाकीचे ५८५ लिटर पाणी वाफ करून उडवून द्यावयाचे! कित्येक कुटुंबे यात निसर्गाचे थोडे साहाय्य घेतात. रात्री बादलीतील रसावर बर्फाचा थर धरतो. हा थर बहुतांशी पाण्याचा असतो. साखर खालच्या रसात उरते. सकाळी तो थर काढून टाकला, की तेवढे सरपण वाचते.

रस फार दिवस ठेवता येत नाही. हवा उबदार झाली की तो दुधासारखा नासतो. म्हणून सुटीचा दिवस असो वा शाळेचा, साठलेला रस वेळेवर चुलीवर चढलाच पाहिजे. अंगणात विटा रचून लांबट चूल तयार केलेली असते. तिच्यावर रुंद व उथळ कढई ठेवतात, कारण पृष्ठभाग जितका मोठा, तितकी वाफ लवकर निघते. हे काम स्वयंपाकघरात करण्याची सोय नाही. एवढी वाफ घरात कोंडली, तर भिंती ओल्या व चिकट होऊन जातील. कढईतील रस कमी होईल तसतसा नवा रस घालीत राहावे लागते. रस उतू जाऊ लागला, तर लोण्याचा लहानसा गोळा टाकतात. फेस तत्काळ खाली बसतो. मुले आळीपाळीने लाकडे सारतात, रात्र पडते, वर चांदणे आणि खाली बर्फ, आणि मधोमध कढईतून गोड वासाची पांढरी वाफ आकाशात चढत असते.

शेवटची घटका सर्वांत कठीण. रस आटत येतो, त्याला सोनेरी रंग चढतो, आणि आता क्षणभर दुर्लक्ष झाले तरी तो करपतो व अनेक दिवसांचे श्रम वाया जातात. म्हणून शेवटी तो लहान भांड्यात काढून मंद आचेवर ठेवतात. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअस अधिक तापमान झाले, म्हणजे पाक सिद्ध झाला असे समजावे. पाणी नेमके किती अंशांवर उकळते, हे त्या स्थळाच्या उंचीवर व हवेच्या दाबावर अवलंबून असते. म्हणून जाणती माणसे त्याच दिवशी साधे पाणी उकळून तापमापक आधी पडताळून पाहतात. आजीला मात्र तापमापक लागत नाही. ती उलथने पाकात बुडवून आडवे धरते. पाक थेंबाथेंबाने न गळता त्याच्या कडेवरून पडद्यासारखा लोंबू लागला, की ती भांडे उतरविते. कच्चा राहिलेला पाक आंबतो. फार आटलेल्या पाकात साखरेचे खडे धरतात. नंतर तो जाड लोकरी कापडातून गाळतात, कारण झाडातील क्षार वाळूसारखे तळाशी बसलेले असतात. गरम असतानाच तो बाटल्यांत भरून घट्ट बूच लावतात. आपली काकवी आठवावी असा हा पदार्थ. मात्र त्याचा स्वाद निराळाच.

त्या दिवशी मुलांसाठी एक खाऊ ठरलेला असतो. पाक आणखी थोडा आटवून स्वच्छ बर्फावर त्याची धार धरतात. तो तत्काळ थिजून चिवट होतो, आणि मुले तो काडीला गुंडाळून खातात.

ही विद्या मुळात कोणाची? युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांची नव्हे. त्यांच्या कितीतरी आधीपासून ओजिब्वे, अबेनाकी इत्यादी तेथील मूळ रहिवासी मेपलचा रस काढीत आले होते. भूर्जवृक्षाच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहीत असत, हे तुम्हांस ठाऊक आहे. त्याच जातकुळीच्या वृक्षाच्या सालीची भांडी करून हे लोक त्यांत रस व साखर साठवीत. ओजिब्वे लोकांच्या भाषेत वर्षातील एका महिन्याला मेपलचा रस उकळण्याचा महिना असेच नाव आहे. नवागतांनी ही कला त्यांच्यापासूनच उचलली.

पुढे या साखरेला आणखी एक अर्थ प्राप्त झाला. त्या काळी वेस्ट इंडीज बेटांतील उसाच्या मळ्यांत गुलामांना राबवून साखर काढीत. शेतकऱ्याच्या कुटुंबाने स्वतःच्या हातांनी तयार केलेली मेपलची साखर वापरली, तर गुलामांच्या घामाची साखर घेण्याचे कारण उरणार नाही, असे बेंजामिन रश या डॉक्टरांनी १७९१ साली थॉमस जेफरसन यांना लिहून कळविले. जेफरसन स्वतः गुलामांचे मालक होते. तरी त्यांना ही कल्पना पटली, आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या मॉन्टिसेलो येथील मळ्यात मेपलची रोपे लावली. त्यांतील बहुतेक तगली नाहीत. उसाची साखर बाजारातून हटली नाही. पण साखर कोणाच्या श्रमातून येते, हा प्रश्न विचारणारी माणसे तेव्हाही होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आज मोठ्या बागांतून बादल्यांची जागा प्लॅस्टिकच्या नळ्यांनी घेतली आहे, आणि रसातील बरेचसे पाणी उकळण्यापूर्वीच यंत्राने वेगळे करतात. परंतु यंत्राला थंड रात्र निर्माण करता येत नाही. पृथ्वीची हवा तापत चालली आहे, आणि व्हर्माँटमध्ये रसाचा हंगाम पूर्वीपेक्षा लवकर सुरू होऊन लवकर संपू लागला आहे. फांद्यांवर कळ्या फुगू लागल्या, की रसाला एक बेचव वास येतो आणि त्या वर्षीचे काम संपते. त्या दिवशी आजोबा तोट्या उपटून घेतात. उरलेला रस झाडाचा. त्यावर आता येणाऱ्या पानांचा हक्क असतो.

हंगाम आटोपला की हे कुटुंब मोकळ्या जागी मेपलची एक-दोन रोपे लावते. त्या रोपांचा रस आजोबांना मिळणार नाही. कदाचित बापालाही म्हातारपणीच मिळेल. हे त्यांना पुरते ठाऊक असते. आज ज्या झाडांनी त्यांची बरणी भरली, तीही कोणी लावली वा राखली, त्यांची नावेसुद्धा घरात कोणाला आठवत नाहीत. झाडापासून घ्यावे, पण त्याला पेलेल तेवढेच घ्यावे, आणि घेतल्यावर पुढच्यांसाठी काही लावून ठेवावे, एवढाच त्यांचा रिवाज. त्या पंधरा लिटर पाकामागे हा रिवाज उभा आहे.