क्लास काढायचाय? आधी वही काढा!

संध्याकाळी सहा वाजता नवी पेठेत गाडी लावायला जागा मिळाली तर त्या दिवशी लॉटरीचं तिकीट काढायला हरकत नाही. खाली कपड्यांची दुकानं, मोबाइलची कव्हरं, हॉर्न, गर्दी. आणि मध्येच एखाद्या अरुंद जिन्यावरून पेटीचा सूर खाली येतो. आठ-दहा पोरं एकदम 'सा' लावत असतात, आणि तो दहा ठिकाणी लागत असतो!

तुमच्यापैकी कुणीतरी हे वाचताना मनात म्हणतंय, 'नोकरी कुठं शोधत बसू, आपण पण असा क्लास काढू.' काढा की! पण सूर लावण्याआधी पाच मिनिटं हिशेब लावू.

समजा, तुमच्याकडे 30 मुलं आहेत आणि फी महिना 600 रुपये. म्हणजे 18,000. ऐकायला बरं वाटतं. पण मार्चमध्ये शाळेची परीक्षा, मे महिन्यात मामाचं गाव, दिवाळीत सुट्टी. वर्षाला दहा महिने फी आली तरी नशीब म्हणायचं. झाले 1,80,000. जागेचं भाडं मात्र बाराही महिने. ते 6,000 धरलं, तर 72,000 गेले. उरले 1,08,000, म्हणजे महिन्याला 9,000. अजून विजेचं बिल भरलेलं नाही, पेटीचा भाता फाटलाय आणि तबल्याची पुडी बदलायचीय. शिवाय 'सर, पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून देतो' म्हणणारे दोन-तीन पालक असतातच.

म्हणून या धंद्यातला माणूस एका पायावर उभा राहत नाही. दुपारी एखाद्या शाळेत तासिकेवर, संध्याकाळी क्लास, रात्री कार्यक्रम. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, सुपाऱ्या येतात. गणपती आणि नवरात्रात तर एका रात्रीत दोन ठिकाणी हजेरी. पितृपक्षात फोन अगदी गप्प. ज्याला हे चढउतार माहीत आहेत तो गणपतीचे पैसे पितृपक्षासाठी बाजूला ठेवतो. ज्याला माहीत नाहीत तो नवा कीबोर्ड घेतो आणि हप्त्याच्या तारखेला मित्रांना फोन करतो.

सगळ्यात अवघड काम गाणं नाही, पैसे मागणं आहे. मंडपवाल्याला, केटररला, फोटोवाल्याला कुणी म्हणत नाही की 'सेवा समजून करा'. गाणाऱ्याला म्हणतात. आणि आपल्यालाही लाज वाटते. माझं स्पष्ट मत आहे, देवळात सेवा करायची तर जरूर करा, तो तुमचा आनंद. पण लग्नाच्या हॉलमध्ये बयाणा घेतल्याशिवाय पेटी उघडू नका. तारीख, वेळ, बिदागी, साथीदारांचे पैसे, सगळं मेसेजवर लिहून घ्या. तबलजीला त्याच रात्री पैसे द्या. तुमचे अडकले असले तरी द्या. पुढच्या वेळी ऐन वेळेला तोच धावून येणार असतो.

कागदपत्रांना घाबरू नका. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. तिच्यावर गेलीच तर आधी पेढे वाटा, मग सीएकडे जा.

स्वतःच्या जिवावर संगीत शिकवणं हे काही आजचं खूळ नाही. कुरुंदवाडला 1872 साली जन्मलेले विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. तेव्हा गवयाने राजाच्या पदरी राहायचं, ही रीत. ती सोडून हा माणूस बाहेर पडला, लोकांसमोर गायला आणि 1901 मध्ये थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, लोकांच्या पैशावर. पुढे मुंबईतही शाळा काढली. तिथली इमारत मात्र कर्जापायी हातची गेली. 1931 मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या ज्या परीक्षा आज आपल्याकडची मुलं देतात, त्या याच मंडळाच्या.

या परीक्षांवरच तर क्लास चालतो. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून नववीत पोरं येतात आणि दहावीचा निकाल लागला की गायब! वाईट वाटतं, पण चिडून उपयोग नाही. त्यांच्यातलंच एखादं दोन वर्षांनी, कॉलेजच्या युवा महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात, जिना चढून परत येतं. घरी तेलुगू किंवा कन्नड, वर्गात मराठी आणि बंदिशीत ब्रज. सोलापूरच्या पोरांना भाषा बदलायची सवयच असते, शब्द चटकन तोंडात बसतात. ताल बसायला मात्र तेवढाच वेळ लागतो.

राहिला स्वतःचा रियाज. दिवसभर भूपाचे तेच आरोह-अवरोह शिकवून रात्री गळा आणि डोकं दोन्ही थकलेलं असतं. 'उद्यापासून करू' म्हणता म्हणता वर्ष निघून जातं आणि एक दिवस लक्षात येतं, की पाच वर्षांपूर्वी येत होतं तेवढंच आज येतंय. म्हणून पहाटेचा एक तास कुणालाही विकू नका, कितीही फी देत असला तरी. नवी पेठेची शटरं वर जायच्या आत, रस्ता झाडला जात असतो तेव्हा, खिडकी उघडी ठेवून खर्ज लावता येतो. पुढे दिवसभर तिथे स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही.