सशाला तांबडा रंग दिसतो का?



इंग्लंडात हॅम्पशायर परगण्यात बेसिंगस्टोक नावाचे शहर आहे. लंडनची वाढती वस्ती सामावून घेण्यासाठी १९६० नंतर या जुन्या बाजारगावाचा मोठा विस्तार झाला. त्याच सुमारास आपल्या मॉरिशस बेटावरून अनेक तरुण-तरुणी परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेले आणि तिकडेच स्थायिक झाले. आमच्या नात्यातील एक कुटुंब आज बेसिंगस्टोकला राहते. तेथून माझ्या भाचीने कळविले, "मामा, मुलीने ससा पाळला आहे. तो निळ्या वाडग्यातले खातो, तांबड्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आता ती खाऊचे सगळे पैसे खर्चून त्याला निळे घर, निळे अंथरूण, निळी खेळणी घेणार म्हणते. तुम्ही शिक्षक आहात, सांगा, सशाला खरोखरच निळा रंग आवडतो का?"

मुलीचे वय नऊ. प्रश्न लहान मुलीचा असला तरी उत्तर वाटते तितके सोपे नाही. मुक्या प्राण्याला काय दिसते आणि काय आवडते, हे आपण कसे जाणावे?

डोळ्याची रचना

आपल्या डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. त्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, परंतु त्यांना रंग कळत नाहीत. रंग कळतात ते शंकुपेशींमुळे. माणसाच्या डोळ्यात शंकुपेशींचे तीन प्रकार आहेत आणि त्या तिघांच्या मेळातून आपल्याला इंद्रधनुष्य दिसते.

सशाच्या डोळ्यात असे दोनच प्रकार आहेत. एक निळ्या प्रकाशाला आणि दुसरा हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देतो. तांबड्यासाठी वेगळी पेशी नाही. म्हणून सशाला निळा आणि हिरवा यांतला फरक कळू शकतो; हॉलंडमधील संशोधकांनी सशांना शिकवून ही गोष्ट पडताळून पाहिली आहे. तांबडा रंग मात्र त्याला काळपट, मळकट दिसत असावा. पिकलेला लाल टोमॅटो आणि गर्द हिरवे पान यांत आपल्याला जो भेद चटकन दिसतो, तो सशाला तसा दिसत नाही.

आणखी एक मौज आहे. डोळ्याच्या पडद्यावर चित्र उलटे पडते, म्हणजे पडद्याच्या खालच्या भागावर आकाश उमटते. सशाच्या पडद्यावर खालच्या कडेला निळ्याच्या पेशींची दाटी असते, तर बाकीच्या भागात हिरव्याच्या पेशी पुष्कळ असतात. वर आकाश आणि भोवती गवत, असेच सशाचे जग आहे. घारीची सावली ज्याला वेळेवर दिसली तोच ससा जगला.

डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे सशाला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त नाकाच्या अगदी पुढचे दिसत नाही. तोंडासमोर धरलेला पाला तो ओठांनी व मिशांनी चाचपून घेतो तो यामुळेच. पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या या प्राण्याला रंगांपेक्षा हालचाल आणि अंधूक उजेड यांची पारख अधिक उपयोगी आहे. पांढऱ्या सशाच्या गुंजेसारख्या लाल डोळ्यांत तर रंगद्रव्यच नसते; त्यांना कडक ऊन सोसत नाही.

दिसणे, ओळखणे आणि आवडणे

वाचकहो, येथे आपण तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. रंग दिसणे ही एक गोष्ट, दोन रंगांतील फरक ओळखणे ही दुसरी आणि त्यातला एक रंग आवडणे ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टींचा पुरावा विज्ञानाने दिला म्हणून तिसरी आपोआप सिद्ध होत नाही.

या बाबतीत कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचा प्रयोग आठवतो. मधमाश्यांना रंग दिसतो की नुसता उजेड-अंधार, हे पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळात त्याला ठरवायचे होते. त्याने निळ्या कागदावर साखरपाणी ठेवून माश्यांना सवय लावली. मग तो निळा कागद फिक्या-गडद करड्या कागदांच्या मध्ये ठेवला आणि जागाही बदलत राहिला. माश्या निळ्यावरच येत राहिल्या. निळा त्यांना नुसता करडा दिसत असता तर कोणत्या तरी करड्या कागदावर त्या फसल्या असत्या. पुढे १९७३ साली या शास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक मिळाले. प्रश्न नीट विचारला तर मुका जीवही उत्तर देतो, हा त्यातला धडा आहे.

सशाच्या डोळ्याला मात्र माणसाने नेहमीच इतक्या सौम्यपणे प्रश्न विचारलेला नाही. १८७८ च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्ग येथे विल्हेल्म क्यूने याने एका सशाला गजांच्या खिडकीसमोर धरले, मग त्याला मारून डोळ्याचा पडदा तुरटीच्या पाण्यात ठेवला. त्यावर त्या खिडकीचे चित्र उमटलेले दिसले. सशाने शेवटी काय पाहिले ते कळले, पण त्यासाठी ससा गेला.

बेसिंगस्टोकचा प्रयोग

भाचीला मी लिहिले, पैसे खर्च करण्याआधी मुलीला एक वही घेऊन दे. दोन वाडगी सारख्याच आकाराची, एकाच धातूची असावीत. दोन्हींत तेच आणि तेवढेच खाणे असावे. दोन्ही रोज धुवावीत, कारण ससा हनुवटी घासून वस्तूंना आपला वास लावतो आणि आपल्या वासाची वस्तू त्याला आपली वाटते. रोज वाडग्यांच्या जागा बदलाव्यात आणि ससा आधी कोठे गेला ते लिहावे.

दोन आठवड्यांनी वहीतील नोंदी आल्या. ससा जवळजवळ रोज भिंतीकडच्या वाडग्याकडे गेला होता, मग ते निळे असो की तांबडे. आधी निळे वाडगे नेहमी भिंतीशी ठेवलेले असे. सशाने जागा निवडली होती आणि आपण तिला रंग समजत होतो. पाठीशी भिंत असली की शत्रू मागून येत नाही.

मुलगी थोडी हिरमुसली. परंतु वहीने तिला दुसरी गोष्ट शिकवली: सशाला आडोसा हवा. इंग्लंडातील ससे-कल्याण संस्था तर सांगते की दोन सशांसाठी निदान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा हवी. ससा एकटा राहणारा प्राणी नाही, त्याला जोडीदार लागतो. आणि त्याचे मुख्य अन्न सुके गवत, गाजर नव्हे. खाऊच्या पैशांतून आता निळ्या घराऐवजी मोठे कुंपण येणार आहे.

कथेतला ससा आणि बेटावरचा ससा

योगायोग असा की बेसिंगस्टोकच्या परिसरातच वॉटरशिप डाऊन नावाची टेकडी आहे. रिचर्ड अॅडम्स या लेखकाने १९७२ साली याच नावाची, सशांची कादंबरी लिहिली. तिच्यात एका लहान सशाला भविष्यातील संकट दिसते ते सारे शेत रक्ताने माखल्यासारखे. खऱ्या सशाला तो तांबडेपणा आपल्यासारखा दिसलाच नसता. लेखकाने सशाला माणसाचे डोळे दिले. कथेत ते शोभते.

परंतु व्यवहारात ते महागात पडते. आपल्या राऊंड आयलंडवर एके काळी माणसांनी ससे नेऊन सोडले. बकऱ्यांनी आणि सशांनी मिळून तेथील दुर्मिळ झाडे खाऊन टाकली, माती वाहून गेली. बकऱ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ साली हटवावे लागले, तेव्हा कोठे हिरवळ परतू लागली. दोष सशाचा नव्हता. सशाला काय लागते आणि तो काय करतो, याचा विचार न करता त्याला तेथे नेणाऱ्यांचा होता.

आपल्याकडेही अनेक घरांच्या मागच्या अंगणात पिंजऱ्यात ससे असतात. आपली मुले त्यांना क्रिओलमध्ये 'लापें' म्हणतात. पालकांना माझी विनंती आहे की मुलांच्या हाती अशी एक वही द्यावी. प्राण्यावर प्रेम करणे मुलांना शिकवावे लागत नाही. पण आपल्याला आवडते तेच त्याला आवडत असेल असे न धरता, त्याच्याकडे शांतपणे पाहून त्यालाच विचारणे, हे मात्र शिकवावे लागते.